एमएच ११ ची वडाप जीप १:२४ मध्ये कशी करायची: किट, रंग आणि खरी धूळ

मित्रांनो, स्केल मॉडेल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फेरारी नाहीतर मस्टँग येते, त्या जरूर करा, पण सातारा, वाई, मेढा भागात वाढलेल्या माणसाने एकदा तरी वडापची, म्हणजे गावोगावी माणसं भरून नेणारी, जीप करावी असं मला मनापासून वाटतं. फेरारी आपण फोटोत बघितली, जीपमध्ये मात्र मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलोय, तिचा रंग कुठल्या कडेला उडतो, फूटबोर्ड कुठं झिजून चकाकतो, हूडचा कापड कुठं फाटून शिवलेला असतो हे आपल्याला पाठ आहे. मॉडेल खरं दिसतं ते या माहितीमुळं, महागड्या एअरब्रशमुळं नाही.

पहिलं काम मापाचं. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ सेंमी मॉडेलवर १ सेंमी. स्टँडवर एखाद्या जीपवाल्या मामांना विचारून टेप लावा, फोटो काढा, समोरून, मागून, खालून, आतून, आणि जे मापलं त्याला २४ ने भागा. जुन्या विलीज कंपनीच्या जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी, मॉडेलवर तो ८५ मिमीच्या जरा आत येतो. १६ इंची रिम १७ मिमी होते. ५०० बाय १२० मिमीची नंबर प्लेट २१ बाय ५ मिमी. समोर लटकवलेलं लिंबू मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नको, २ मिमी बास. हा भागाकार प्रत्येक गोष्टीला लावायचा, नजरेने "एवढं असंल" म्हणून केलं की सगळं जाडजूड होतं आणि गाडी खेळण्यासारखी दिसायला लागते.

किट (जोडायच्या प्लास्टिक भागांचा डबा) घेताना बघून घ्या. टामिया या किट कंपनीची विलीज सहज सापडते पण ती १:३५ ची आहे, ते रणगाड्यांचं माप, बाकीच्या १:२४ च्या गाड्यांशेजारी ठेवली की बारकी दिसते. दुसरं म्हणजे विलीजची किटं मिलिटरी गाडीची असतात, स्टिअरिंग डावीकडं. आपल्याला ते उजवीकडं आणायचंय, आणि हे सोडून दिलंत तर पुढची सगळी मेहनत वाया, कारण आपल्या माणसाला पहिल्या नजरेत काहीतरी खटकतं. स्टिअरिंगचा दांडा, तिन्ही पेडल आणि डॅशबोर्ड काळजीने सुटे ठेवा, फ्लोअरवरची जुनी भोकं पुट्टीने बुजवा, १ मिमीच्या ड्रिलने उजवीकडं नवी पाडा. समोरच्या जाळीच्या फटी पण मोजा, युद्धातल्या विलीजला ९ असतात, नंतरच्या नागरी सीजे जीपला ७, आपल्याकडच्या पुढच्या मॉडेल्सना आणखी वेगळ्या. तुम्ही जिचे फोटो काढलेत तिच्याच मोजा. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जोडायला सुरुवात केली आणि तिथून एवढी रूपं निघाली की "जीप म्हणजे जीप" असं चालत नाही.

वडापची गाडी मागे लांब असते हे तर सगळ्यांना माहितीच आहे. पुढच्या सीटच्या मागे टब (जीपची उघडी बॉडी) सरळ रेषेत करवतीने कापायचा आणि मधे १ मिमीची पॉलिस्टायरीन (किटच्याच प्लास्टिकची) शीट घालून वाढवायचा. किती वाढवायचा ते तुमच्या टेपवरून काढा, आणि खालची चासी पण तेवढीच वाढवायला विसरू नका. किटचं पातळ सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, म्हणजे वेल्डिंगच होतं जवळजवळ, पण स्टेशनरीतून आणलेली सनबोर्ड वेगळ्या प्लास्टिकची असते, तिला ते सिमेंट धरत नाही, तिथं फेविक्विक. काचांना मात्र फेविक्विक कधीच लावायचं नाही, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि मग काही केल्या साफ होत नाही. काचेला साधा फेविकॉल, वाळला की पारदर्शक होतो.

सांध्यावर पुट्टी भरली की वॉटर पेपर. ४०० ने सुरू, मग ६००, मग १०००, पाण्यात बुडवून. हे पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात, हॉबीच्या पाकिटापेक्षा बरेच स्वस्त. एक नेलकटरसारखा पण सपाट तोंडाचा निपर घ्या, एक कटर, बारीक कानशींचा एक सेट, एवढ्यावर काम भागतं.

ज्यांच्याकडं किट नाही पण त्याच मापाची तयार डायकास्ट (ओतीव धातूची) जीप आहे त्यांनी ती पण घ्यावी. खालचे रिव्हेट सेंटर पंचने खूण करून ३ मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडेपर्यंत कापायचे, मग खांबात १.६ मिमीचं भोक पाडून एम२ स्क्रूचे आटे पाडायचा टॅप फिरवला की गाडी स्क्रूने कितीही वेळा उघडा-मिटा. जुना रंग काढायला हार्डवेअरचा पेंट रिमूव्हर, काचेच्या बरणीत, हातात ग्लोव्हज, डोळ्यावर चष्मा आणि काम अंगणात. कॉस्टिक सोडा वापरू नका, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि सोडा तिलाच खातो.

आता रंग. यावर जरा जास्त बोलतो कारण निम्मी मॉडेल्स इथं हातची जातात.

बॉडी आधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातून काढताना लावलेला तेलकटपणा असतो तो गेला पाहिजे, त्यानंतर बोटं लावायची नाहीत. करडा प्रायमर द्या, वाळू द्या, उजेडात तिरकं धरून बघा, सगळे ओरखडे आणि सांधे आता दिसतील, ते घासून परत प्रायमर. स्प्रे कॅन १५ ते २० सेंमी लांब धरायचा, गाडीच्या बाहेर दाबायला सुरुवात आणि गाडी ओलांडून बाहेरच सोडायचं. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. दोन-तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले.

हवामान बघा. जून ते सप्टेंबर साताऱ्यात लॅकर (थिनरवरचा झटपट वाळणारा रंग) मारायचाच नाही असं ठरवून टाका, हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि वर पांढरं धुकं येतं. तेव्हा कटिंग, पुट्टी, सीट, इंजिन असली कामं करावीत. मेच्या भर दुपारी उलटं होतं, रंग हवेतच वाळून गाडीवर रवाळ बसतो, म्हणून सकाळी मारा. थंडीत कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक पडतो, कोमट म्हणजे हाताला सोसवेल एवढंच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात अजिबात नाही. आणि घरात देवापुढं दिवा लागलेला असेल, शेजारी गॅस पेटलेला असेल तर तिथं स्प्रे उघडायचा नाही. गच्चीवर धूळ आणि वारा असतो त्यामुळं मारून झालं की गाडी लगेच रिकाम्या खोक्याखाली झाकायची, कंदी पेढ्यांचा एक किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स १:२४ ला बरोबर बसतो.

रंगाचा क्रम पक्का लक्षात ठेवा. लॅकरवर इनॅमल (हळू वाळणारा तेली रंग) चालतो, इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा रंग सुरकुततो. बाजारातले बरेचसे टच-अप कॅन लॅकर किंवा तशाच कडक थिनरचे असतात, थेट प्लास्टिकवर मारले तर प्लास्टिक पण चिरतं, म्हणून आधी प्रायमर आणि टाकाऊ तुकड्यावर ट्रायल. गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याशी ओळख असेल तर उत्तमच, त्याच्या गनमध्ये उरलेला खऱ्या गाडीचा रंग तो प्रेमाने मारून देतो. पण त्याच्याकडून मेटॅलिक घेऊ नका, खऱ्या गाडीच्या मेटॅलिकमधला चकचकीत कण एवढ्या छोट्या मॉडेलवर चमकीसारखा दिसतो. साधा पांढरा, क्रीम, मरून घ्या. आणि तो टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारणार असेल तर तुम्ही बाहेर थांबा, त्याचा हार्डनर फुफ्फुसाला फार वाईट, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

दारांच्या, बॉनेटच्या फटीत पातळ केलेला गडद रंग सोडतात, तो फटीतून आपोआप पळतो, बघायला मजा येते. पण सरसकट काळा सोडू नका. खरी ५ मिमीची फट मॉडेलवर ०.२ मिमी होते, तिथं काळी रेघ ओढली की पेनाने चित्र काढल्यासारखं वाटतं. पांढऱ्या गाडीला करडा, मरूनला चॉकलेटी.

नावं आणि नंबर. वडाप म्हणजे प्रवासी गाडी, पिवळी प्लेट, काळी अक्षरं. सातारा एमएच ११, कराडकरांनी ५० टाकावा, सांगलीवाल्यांनी १०. काचेवरची "काळूबाई प्रसन्न" पट्टी मात्र कष्टाची आहे. खरं अक्षर ६ सेंमीचं म्हणजे इथं अडीच मिमी, रेडियमवाल्याचा प्लॉटर एवढी बारीक वेलांटी कापत नाही, ती उपटून येते. त्यामुळं वॉटरस्लाइड डिकल पेपरवर (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायचा कागद) प्रिंट काढायची. साधा प्रिंटर पांढरी शाई देत नाही, म्हणून पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या पेपरवर भोवतीची लाल पट्टी छापायची आणि अक्षरं कोरी सोडायची. इंकजेट असेल तर पाण्यात टाकायच्या आधी क्लिअरचे दोन हात, नाहीतर शाई वाहून जाते. चकचकीत पृष्ठभागावर डिकल बसवा, मॅटवर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

हूडला टिश्यू पेपर, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून सांगाड्यावर टाकायचा, ओला असतानाच दोऱ्या आवळायच्या, जिथं खऱ्या गाडीत झोळ पडतो तिथं काडीने दाबायचं. वाळला की मॅट रंग. लिंबू-मिरची एम-सीलची.

आणि आता धूळ, माझा सगळ्यात आवडता भाग. बाजारातली पिगमेंट पावडर घेऊ नका, गाडी जिथली तिथली माती घ्या. कासच्या, महाबळेश्वरच्या बाजूची गाडी असेल तर जांभ्याची तांबडी माती, कृष्णाकाठची असेल तर काळी, जी वाळल्यावर करडी-तपकिरी दिसते. जुन्या तव्यावर कोरडी भाजा म्हणजे ओल आणि किडे जातात, खलबत्त्यात कुटा आणि सुती कापडातून वस्त्रगाळ करा. गाडीवर आधी मॅट क्लिअर मारा, चकचकीत रंगावर धूळ टिकत नाही. मग मऊ ब्रशने कोरडी लावा आणि ब्रशच्या टोकाने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, घासायचं नाही, घासलं तर अॅक्रिलिक रंग निघतो. ओलं असताना माती गडद दिसते, वाळू द्या, मगच पुढचा हात. मडगार्डच्या आत हीच माती पातळ फेविकॉलमध्ये कालवून लावा, तो चिखल.

धूळ सगळीकडं सारखी फासू नका. खरी जीप बघा, मागच्या दारावर सगळ्यात जास्त असते कारण चालत्या गाडीमागे हवा घुमते आणि धूळ तिथंच येऊन बसते, बॉनेटवर पातळ, माणसं हात लावतात त्या पाइपवर अजिबात नाही. काचेवर वायपरच्या दोन कमानी मास्किंग टेपने झाका आणि मग धूळ लावा, टेप काढल्यावर जे दिसतं ते बघून मन खूश होतं. फूटबोर्डच्या कडेला स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी टिपके, मधे जरासा स्टील रंग. यावर परत क्लिअर मारू नका, निम्मी धूळ गायब होते.

गाडी कपाटात ठेवताना एक गोष्ट करा. किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर त्यातलं तेलकट रसायन हळूहळू प्लास्टिकची रिम चिकट करून खातं, म्हणून टायर चढवण्याआधी रिमला आतून रंगाचा पक्का हात द्या आणि गाडी चासीखाली लाकडी ठोकळा देऊन चाकं अधांतरी राहतील अशी ठेवा, उन्हाच्या खिडकीपासून लांब.