एसी सर्व्हिसिंगची पक्की गिऱ्हाइकं शोधायची तर फेब्रुवारीत फिरा

एप्रिल-मेमध्ये नाशकात एसीवाल्याचा फोन थांबत नाही. पण त्या फोनांवर धंदा उभा राहत नाही, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. दिवसाला नऊ-नऊ कॉल, दर ठिकाणी घासाघीस, आणि पहिला पाऊस पडला की फोन गप्प. आयटीआय करून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेल्या पोरांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

घरातला एसी बंद पडला तर माणूस पंखा लावून झोपतो. दातांच्या दवाखान्यातला बंद पडला तर पेशंट खुर्चीत घामाघूम होतो. लॅबमधला बंद पडला तर मशीन तापतं आणि रिपोर्ट अडकतात. अशा माणसाला शंभर रुपये कमी करून नको असतात. "आज येताय ना?" एवढंच त्याला विचारायचं असतं. ज्याचा एसी थांबला की कामच थांबतं, तेच आपलं गिऱ्हाईक. माझी बहुतेक गिऱ्हाइकं दवाखाने, लॅब आणि पतसंस्थांच्या सर्व्हर रूम अशी आहेत.

ती सापडतात कुठे? मी पंडित कॉलनीत, गंगापूर रोडला फेब्रुवारीत फिरतो, आणि इमारतींच्या मागच्या बाजूनं फिरतो. समोर पाटी दिसते, मागे एसीचा बाहेरचा भाग, म्हणजे आउटडोअर दिसतो. त्याच्या फिनवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, धुळीचा थर, तांब्याच्या पाइपावरचं इन्सुलेशन उन्हानं फाटलेलं, ड्रेनचा पाइप लोंबतोय आणि खाली भिंतीवर हिरवा ओघळ. हे दिसलं की त्या मशीनकडे कुणाचं लक्ष नाही, हे नक्की. मग दुपारी दोन-तीनला, ओपीडी नसताना, पुढच्या दारानं आत जायचं. डॉक्टरांना लगेच भेटायचा हट्ट नको. रिसेप्शनच्या ताईंना विचारा, "कुठला एसी गळतो?" त्यांना सगळं माहीत असतं, कारण पाण्याखाली बादली त्याच ठेवतात.

एका डेंटिस्ट मॅडमनी मला विचारलं होतं, "दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोच ना?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. गॅस संपत नसतो, कुठून तरी गळतो."

त्यांना आउटडोअरपाशी नेलं, तांब्याचा पाइप मशीनला जोडणाऱ्या फ्लेअर नटवर साबणाचा फेस लावला. पाच-दहा सेकंदांत एकामागून एक बुडबुडे फुगायला लागले. चार वर्षं त्यांच्याकडून दर एप्रिलला गॅसचे पैसे घेतले गेले होते, नटला कुणी हात लावला नव्हता. मी फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरट तोंड, नव्यानं केलं, व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपातली हवा पंपानं ओढून, वजनानं गॅस भरला. त्या मॅडमनी वरच्या मजल्यावरच्या लॅबला माझा नंबर दिला, आणि त्या एका इमारतीत आज माझी चौदा मशीन आहेत. जाहिरातीचे पत्रक छापून मला एवढं काम कधी मिळालं नाही.

दर सांगण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: "आधीचा माणूस का सोडला?" वर्षात चार मेकॅनिक बदलले आणि चौघंही चोर, असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. पाचवे तुम्ही असाल.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, कागदावर करा. मी वर्षाला तीन सर्व्हिस देतो: फेब्रुवारी, मे आणि ऑक्टोबर. कंप्रेसर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि गॅस त्यात नाही, हे ठळक लिहितो. निम्मे पैसे आधी. "चार तासांत येईन" असं लिहिलं तर यायलाच हवं, म्हणून झेपतील तेवढीच मशीन घ्या.

मोठ्या नावाला भुलू नका. एका बिल्डरच्या ऑफिसची अकरा मशीन केली आणि सहा महिने पैशांसाठी खेटे घातले. त्यानंतर मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी केली. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, मध्ये कुणाला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या छोट्या व्यवसायाचे पैसे ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असं छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. २०२३-२४ पासून मुदत उलटून गेलेलं असं बिल गिऱ्हाइकाला इन्कम टॅक्ससाठी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी धरता येतं. त्यामुळे समोरचे अकाउंटंटही मनावर घेतात. बिलावर उद्यम नंबर छापा.

आणि प्रत्येक इनडोअरच्या पॅनेलच्या आत एक स्टिकर लावा: सर्व्हिसची तारीख, गॅस कोणता, तुमचा फोन. फिल्टर धुवायला पॅनेल उघडलं की ताईंना नंबर शोधावा लागत नाही.