गिटारचे भाग लिहायला नोटेशन सॉफ्टवेअर कसं निवडायचं

टॅब म्हणजे तारांच्या रेघांवर लिहिलेले फ्रेटचे (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांचे) आकडे. त्याला स्वराचं नाव माहीत नसतं आणि पाच रेघांच्या स्टाफला तार माहीत नसते. पहिली तार मोकळी छेडल्यावर जो ई ऐकू येतो, तोच ई दुसऱ्या तारेवर ५व्या फ्रेटला, तिसरीवर ९व्या, चौथीवर १४व्या आणि पाचवीवर १९व्या फ्रेटला मिळतो. स्टाफवर या पाचही जागांसाठी टिंब एकच. उलट, सहाव्या तारेवरचा ४ हा आकडा जी शार्प आहे की ए फ्लॅट (सूर एकच, नावं दोन), हे टॅब कधीच सांगत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा: हे आधी काय धरून चालतं, तार की स्वर?

गिटार प्रो आणि टक्सगिटार तारेकडून सुरुवात करतात. तुम्ही तार निवडता, फ्रेटचा आकडा टाकता, स्टाफ आपोआप तयार होतो. पहिलं विकत घ्यावं लागतं, दुसरं मोफत आणि ओपन सोर्स. हात गिटारवर जसा चालतो तसंच लिहिता येत असल्यामुळे गिटारवादकाला हे लगेच जमतं. चूक होते ती 'की सिग्नेचर', म्हणजे गाण्यात कोणते शार्प-फ्लॅट आहेत हे सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण, टाकायची राहून गेल्यावर. गाणं ई फ्लॅट मेजरमध्ये आणि फाइल मात्र सी मेजरवर सोडलेली, की स्टाफवर बी फ्लॅटच्या जागी ए शार्प, ई फ्लॅटच्या जागी डी शार्प अशी शार्पची रांग लागते. टॅब बिनचूक असतो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. स्टाफ वाचणारा पियानोवादक मात्र पहिल्याच ओळीत अडखळतो. पहिला आकडा टाकण्याआधी 'की सिग्नेचर' टाका.

म्यूझस्कोअर, डोरिको आणि सिबेलियस स्वराकडून येतात. तुम्ही स्टाफवर स्वर लिहिता आणि टॅबची जागा सॉफ्टवेअर ठरवतं, बहुतेक वेळा शक्य तितक्या खालच्या फ्रेटवर. ७व्या पोझिशनमध्ये (पहिलं बोट ७व्या फ्रेटवर) हात ठेवून वाजवायची ओळ अशा वेळी मोकळ्या तारांवर विखुरते. ती हाताने दुरुस्त करावी लागते, आणि ही दुरुस्ती किती सोपी आहे यावरच त्या सॉफ्टवेअरची गिटारसाठीची लायकी ठरते.

लिलीपाँड या दोन्हींपेक्षा वेगळं. त्यात माउस चालवायचा नसतो, साध्या मजकुरात संगीत लिहायचं आणि त्यातून पान छापून घ्यायचं. पान सुरेख निघतं, पण शिकायला धीर लागतो. आठवड्याला एखादं गाणं लिहिणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

कागद कोण वाचणार यावरून अर्धी निवड होऊन जाते. विद्यार्थ्यांना किंवा बँडमधल्या गिटारवादकालाच द्यायचं असेल, बेंड (तार ओढून सूर चढवणं) आणि स्लाइड (बोट घसरवणं) भरपूर असतील, तर तारेकडून सुरू होणारं घ्या. दोन आवाजांत चालणारं क्लासिकल किंवा फिंगरस्टाइल, गायक आणि इतर वाद्यांसह पूर्ण स्कोअर, छापण्याजोगं पान हवं असेल तर स्वराकडून येणारं. फक्त कॉर्ड धरून साथ करायची असेल तर टॅब लिहूच नका. तिरक्या रेघा आणि वर कॉर्डची नावं एवढं पुरतं. म्यूझस्कोअरमध्ये टूल्स मेनूतून बार (स्टाफवरचे तालाचे खाने) अशा रेघांनी भरता येतात.

जाहिरातीतली वैशिष्ट्यांची यादी वाचून काही कळत नाही, कारण 'टॅब लिहिता येतो' हे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा आठ बारचा एक अवघड तुकडा तयार ठेवा आणि तोच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये लिहून बघा. तासाभरात निकाल लागतो.

पहिल्या दोन बारमध्ये जी कॉर्डचं पिकिंग घ्या: सहाव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवरचा बेस दोन बीट धरून ठेवायचा आणि वर आठव्या भागाचे (अर्ध्या बीटचे) स्वर चालू ठेवायचे. बेसच्या दांड्या खाली आणि वरच्या ओळीच्या दांड्या वर जायला हव्यात, म्हणजे दोन स्वतंत्र व्हॉइस (एकाच स्टाफवर वेगळ्या चालणाऱ्या ओळी) लागतात. ते जमलं नाही तर बेस तुटक छापला जातो आणि वाचणारा तार लवकर दाबून टाकतो. दुसरी व्हॉइस आली की नको तिथे विरामही (गप्प राहण्याच्या खुणा) उगवतात, ते लपवता येतात का तेही इथेच कळतं.

तिसऱ्या बारमध्ये मोकळी पहिली तार आणि दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट एकत्र वाजवा. सूर एकच, तारा दोन. स्वराकडून येणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कोडं पडतं. काही वेळा दुसरी व्हॉइस वापरून वाट काढावी लागते.

चौथ्यात तिसऱ्या तारेच्या ७व्या फ्रेटवरून, म्हणजे डीवरून, पूर्ण बेंड घ्या आणि परत खाली सोडा. नुसता बाण काढला आणि आवाज डीवरच थांबला, तर ते चित्र आहे, बेंड नव्हे. ई ऐकू आला पाहिजे आणि सोडल्यावर डी परत आला पाहिजे.

पाचव्यात हॅमर-ऑन (न छेडता बोट आपटून काढलेला स्वर) आणि पुल-ऑफ (बोट ओढून काढलेला स्वर) असलेली ट्रिपलेट, म्हणजे दोन स्वरांच्या वेळात तीन.

सहाव्यात तिसऱ्या तारेवर ५व्या फ्रेटचं नैसर्गिक हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता तिला नुसता स्पर्श करून काढलेला सूर. खरी तार इथे मोकळ्या जीच्या दोन सप्तकं वरचा जी देते. स्पीकरमधून सी आला तर सॉफ्टवेअरने फ्रेट दाबल्याचा स्वर वाजवला आहे. १२व्या फ्रेटवर ही परीक्षा घेऊ नका: तिथे हार्मोनिक आणि दाबलेला स्वर सारखाच येतो, चूक पकडली जात नाही.

शेवटच्या दोन बारमध्ये पुनरावृत्तीची खूण आणि पहिला-दुसरा शेवट (पहिल्या फेरीत एक, दुसऱ्या फेरीत वेगळा).

आता ट्यूनिंग बदला. सहावी तार ईवरून डीवर आणली की तुकड्यातला ३ऱ्या फ्रेटचा बेस काय होतो ते पाहा. आकडा ५ झाला तर सॉफ्टवेअरने जी हा स्वर जपला. आकडा ३च राहिला आणि स्टाफवर एफ आला तर त्याने फ्रेट जपला. दोन्हींचा उपयोग आहे, पण आपलं सॉफ्टवेअर यातलं काय करतं हे चाळीस बार लिहून झाल्यावर कळलेलं परवडत नाही. कॅपोचंही (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा) तसंच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी कॉर्डचा आकार धरला तर कानाला ए ऐकू येतो. टॅबचे आकडे कॅपोपासून मोजायचे हा रिवाज. स्टाफवर आकार लिहायचा की ऐकू येणारा स्वर, हे निवडता आलं पाहिजे.

क्लेफकडेही, म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे सांगणाऱ्या स्टाफच्या सुरुवातीच्या खुणेकडेही, एकदा बघून घ्या. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, म्हणून ट्रेबल क्लेफच्या खाली छोटा ८ असतो. मोकळ्या सहाव्या तारेचा ई स्टाफखालच्या तिसऱ्या जादा रेघेला लटकलेला दिसायला हवा. मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) साध्या ट्रेबल क्लेफवर उघडली तर सगळा भाग आणखी एक सप्तक खाली जातो आणि जादा रेघांची शिडी दिसते. अशा वेळी स्वर वर सरकवू नका, क्लेफ किंवा वाद्य बदला. मिडीत कोणती तार वाजली हेही साधारणपणे नसतं, तेव्हा टॅबसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

काय घ्यावं हे अजून ठरत नसेल तर म्यूझस्कोअरपासून सुरुवात करा. ते मोफत आहे. आता त्याचं नाव म्यूझस्कोअर स्टुडिओ झालंय. त्याच नावाच्या स्कोअर शेअर करायच्या वेबसाइटवर पैसे भरून सदस्य होण्याची सोय आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरच विकत घ्यावं लागतं असा अनेकांचा समज होतो. तसं नाही.

त्यात नवा स्कोअर काढून गिटार निवडा. इन्स्ट्रुमेंट्स पॅनेलमध्ये (नव्या आवृत्त्यांत लेआउट पॅनेल) गिटारचं नाव उघडून स्टाफच्या गिअरवर क्लिक करा आणि जोडलेला स्टाफ तयार करा. या दुसऱ्या स्टाफचा प्रकार सहा तारांचा टॅब ठेवा. प्रकारांत साधा, कॉमन आणि फुल असे तीन दिसतील. वर स्टाफ असेल तेव्हा साधा पुरतो, लय वरून वाचता येते. फुल घेतला तर दांड्या आणि विराम दोनदा छापले जातात आणि पान गजबजतं. एकटा टॅब द्यायचा असेल तेव्हाच फुल घ्या.

एन दाबून स्वर लिहा, एस्केप दाबून बाहेर या. मग टॅबमधला चुकीच्या तारेवर पडलेला आकडा निवडून कंट्रोल आणि खालचा बाण दाबा. पहिल्या तारेवरचा ० दुसऱ्या तारेवर ५ होतो, पुन्हा दाबलं की तिसरीवर ९. स्वर तोच राहतो, स्टाफ हलत नाही. दुसऱ्या व्हॉइससाठी कंट्रोल, ऑल्ट आणि २. नको असलेला विराम निवडून व्ही दाबला की तो छपाईतून जातो.

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट आणखी तपासा: फाइल बाहेर कशी निघते. फिनाले १९८८पासूनचं, व्यावसायिकांचं भरवशाचं सॉफ्टवेअर, पण ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या कपाटात फक्त फिनालेच्या फाइली होत्या, त्यांना सगळ्या एकेक करून बाहेर काढायची वेळ आली. यावर तोडगा म्यूझिक-एक्सएमएल, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्कोअर नेण्याचा फाइलचा प्रकार. या फाइलीत स्वरासोबत तार आणि फ्रेट नोंदवायची सोय आहे, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ती नीट भरतंच असं नाही. तुमचा आठ बारचा तुकडा म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ओळींची मांडणी विस्कटली तर चालेल. ७व्या पोझिशनमध्ये लिहिलेली ओळ मोकळ्या तारांवर परतली किंवा बेंड नाहीसा झाला, तर त्या सॉफ्टवेअरमधलं प्रत्येक काम संपलं की मूळ फाइलीसोबत पीडीएफही काढून ठेवा. फाइल उघडेनाशी झाली तरी कोणती तार आणि कोणता फ्रेट हे त्यात दिसत राहील.