शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी अडकते ती याच चुकांमुळे

पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र अशी कागदपत्रे गोळा करताना विद्यार्थी आणि पालक तहसील कार्यालय व सेतू केंद्राच्या चकरा मारतात. मात्र एकदा रक्कम खात्यात जमा झाली की पदवी हाती पडेपर्यंत ती आपोआप येत राहील, अशी त्यांची समजूत होते. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात काम करताना ही समजूत घेऊन खिडकीशी आलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. जात आणि उत्पन्न यांवरून पात्रता ठरते हे त्यांना पाठ असते. त्याच योजनेत निकाल, टक्केवारी, हजेरी आणि शिक्षणातील खंड यांच्याही अटी असतात, हे मात्र रक्कम थांबल्यावरच त्यांच्या लक्षात येते.

सर्वांत महाग पडणारी चूक एटीकेटीविषयीची आहे. एटीकेटी ही विद्यापीठाने दिलेली सवलत आहे. काही विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात बसता येते, एवढाच तिचा अर्थ. शिष्यवृत्ती देणारा विभाग त्या सवलतीकडे कसे पाहील, हे ज्याच्या त्याच्या योजनेच्या नियमांत लिहिलेले असते आणि प्रत्येक योजनेचे उत्तर वेगळे असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एखाद्या वर्गात पहिल्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास निर्वाह भत्ता व परीक्षा शुल्क मिळते, त्याच वर्गात दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास मिळत नाही. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींच्या प्रगती शिष्यवृत्तीत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, परंतु पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला नाही तर ती बंद होते. म्हणून वसतिगृहातला सिनियर ‘मला तर मिळाली होती’ असे छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याची योजना कोणती होती हे आधी विचारावे.

काही वर्षांपूर्वी कुहीकडच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलाचे हिवाळी परीक्षेतील दोन विषय राहिले आणि एटीकेटीवर त्याला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज त्याने स्वतः न भरता सीताबर्डीतील एका इंटरनेट कॅफेत भरून घेतला. कॅफेवाल्याने गुणपत्रिका पाहण्याची तसदी घेतली नाही. मागील वर्षाच्या निकालापुढे ‘उत्तीर्ण’ निवडले, टक्केवारी मुलाने आठवून सांगितली तशी टाकली आणि गर्दीच्या वेळी सोपे पडते म्हणून मोबाइल क्रमांकही स्वतःचाच दिला. सोबत जोडलेली गुणपत्रिका वेगळेच सांगत असल्यामुळे आमच्या विभागाने तो अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. त्याचा संदेश कॅफेवाल्याच्या मोबाइलवर गेला आणि तिथेच राहिला. मुलगा आमच्याकडे आला तो हप्ता का आला नाही हे विचारायला, आणि तोवर दुरुस्त अर्ज पुन्हा सादर करण्याची मुदत संपली होती. निकालाच्या रकान्यात एटीकेटी असे खरे लिहिले असते, तर त्याच्या योजनेच्या नियमानुसार अर्जाचा विचार झाला असता. पन्नास रुपये देऊन अर्ज ‘उरकून’ घेण्याच्या या पद्धतीविषयी मला अजिबात आदर नाही.

माझा आग्रह साधा आहे. अर्जात मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा आईवडिलांचा असावा, गुण भरताना गुणपत्रिका समोर उघडी असावी आणि महाविद्यालयानंतर अर्ज तपासणाऱ्या सरकारी विभागाची मंजुरी दिसेपर्यंत दर आठवड्याला लॉगिन उघडून अर्जाची स्थिती पाहावी. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा आहे म्हणून थांबणाऱ्यांनाही मी तेच सांगतो: हाती असलेल्या गुणपत्रिकेवर मुदतीत अर्ज भरावा, आणि सुधारित गुण आले तर ते लेखी अर्जासह महाविद्यालयाला कळवावेत. विद्यापीठाच्या निकालाची तारीख आणि पोर्टलची शेवटची तारीख एकमेकींची वाट पाहत नाहीत.

दुसरी चूक हुशार मुलांची आहे, म्हणून ती अधिक खटकते. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे गुणानुक्रमे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत, असलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपये. तिच्या नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बारावीत ऐंशी टक्क्यांच्या पुढे असलेला विद्यार्थी पन्नास टक्क्यांच्या अटीकडे हसून पाहतो. त्यानंतर बी.एस्सी.चे पहिले वर्ष येते, प्रयोगवह्या साचतात, आणि प्रत्येक विषयात चाळीस-बेचाळीस गुण मिळवून तो सगळ्या विषयांत उत्तीर्ण होतो. घरी पेढे वाटले जातात. नापास कोणीच झालेले नसते, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही, आणि शिष्यवृत्ती मात्र हातची गेलेली असते.

येथे हिशेब पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशीच करायचा असतो. दोन्ही सत्रांचे एकूण गुण समान असतील आणि पहिल्यात ४६ टक्के पडले असतील, तर दुसऱ्यात ५४ टक्के मिळवावेच लागतात. हा हिशेब जानेवारीत केला तर अभ्यासाला वेळ मिळतो. जुलैमध्ये केला तर फक्त उसासा मिळतो. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी श्रेणीगुण (सीजीपीए) असतील, तर विद्यापीठाने ठरवलेल्या सूत्रानेच टक्केवारी काढावी. सरसकट दहाने गुणण्याची सवय अनेकांना नडली आहे.

हजेरीबाबत नागपुरात अलीकडे एक नवी तऱ्हा दिसते. सकाळी पोलीस भरतीसाठी मैदान, दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके, आणि महाविद्यालयात फक्त ओळखपत्र. स्पर्धा परीक्षा द्यावी, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण हजेरीची अट असलेली शिष्यवृत्ती घ्यायची आणि वर्गात फिरकायचे नाही, हे दोन्ही एकत्र चालत नाही. खरोखर आजारी पडलेल्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र बरे होताच विभागप्रमुखांकडे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. एप्रिलमध्ये सादर होणाऱ्या डिसेंबरच्या डेंग्यूवर कोणी विश्वास ठेवत नाही, मग तो डेंग्यू कितीही खरा असो.

अर्ज भरतानाच्या आणखी काही चुका टाळाव्यात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाऐवजी नवीन अर्ज भरू नये. गुणपत्रिकेऐवजी संकेतस्थळावरील निकालाचे छायाचित्र जोडू नये. एकाच सत्राची गुणपत्रिका जोडून वर्षाचा निकाल दाखवला असे समजू नये.

शेवटी शिक्षणातील खंडाविषयी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रम सुरू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडला, तर लाभ मिळत नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा प्रयत्न करण्याचा विचार असेल, किंवा शाखा व महाविद्यालय बदलण्याचा, तर प्रवेश रद्द करण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी योजनेचा शासन निर्णय वाचावा आणि आपल्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी प्रश्न विचारून उत्तरही लेखीच घ्यावे. जिन्यात उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही.