ग्लस्टर लावताय? मग या चुका टाळा, मी केल्यात

दोन पीसी घेतले, उबंटू (लिनक्स) टाकलं, ग्लस्टरएफएसचा, म्हणजे अनेक पीसींच्या डिस्का जोडून एकच फोल्डर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, रेप्लिका २ वॉल्युम केला (प्रत्येक फाईलची एकेक कॉपी दोन्ही पीसींवर) की डेटा सेफ, असं मलाही वाटायचं. कापसाच्या सीझनमध्ये तालुक्याच्या एका जिनिंगात हेच लावून दिलं, एक पीसी वजनकाट्याच्या खोलीत, दुसरा ऑफिसात मुनीमजीकडं, आवकेची शीट दोघांनाही एकाच फोल्डरात दिसायची. दोन्हीकडं यूपीएस होता. मधला नेटवर्कचा स्विच मात्र साध्या बोर्डावर, अन् ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही ना बा.

लाईट गेली तसा स्विच मेला, पीसी दोन्ही चालूच. काट्यावरचा पोरगा गाड्या घेत राहिला, मुनीमजी तिकडं त्याच शीटमध्ये भाव टाकत राहिले, दोघंही आपापल्या कॉपीवर. लाईट आल्यावर शीट उघडायला गेलो तं इनपुट-आउटपुट एरर. हाच तो स्प्लिट-ब्रेन. धुऱ्याचं भांडण असतं ना तसं, दोघंही म्हणणार माझंच खरं, अन् साक्षीला तिसरा कोणी नाही. म्हणून रेप्लिका २ लावूच नका, एखादा जुनाट पीसी आर्बिटर म्हणून बसवा, तो फक्त फाईलींची नावं अन् नोंदी ठेवतो, आतला डेटा नाही, त्यामुळं डिस्क लहान चालते. मग तिघांपैकी जो एकटा पडला त्याला लिहिताच येत नाही. तेवढा वेळ काट्याचं काम अडेल हे मालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शिव्या तुम्हालाच.

खरा घोळ मी पुढं घातला. घाईघाईत हीलची, म्हणजे कॉप्या परत जुळवायची, लेटेस्ट-एमटाईमवाली कमांड मारली, म्हणजे जिच्यावर शेवटच्या बदलाची वेळ नवी ती कॉपी ठेव. काट्यावरच्या पीसीचा सीमॉस सेल (पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा) मेलेला होता, रोज रात्री लाईटचा मेन बोर्ड बंद करायचे अन् सकाळी तो पीसी कित्येक वर्षं मागच्या तारखेवर उठायचा. साहजिकच मुनीमजीची कॉपी 'नवी' ठरली अन् काट्याच्या त्या दुपारच्या सगळ्या नोंदी साफ. कार्बनच्या पावत्या होत्या म्हणून वाचलो. सेल बदला, क्रोनी (पीसीची वेळ नेटवरून जुळवणारा प्रोग्राम) लावा, अन् हील करायच्या आधी दोन्ही कॉपी बाजूला काढून डोळ्यांनी पाहा.

पीअर प्रोब, म्हणजे एका पीसीला दुसरा जोडायची कमांड, आयपीनं करू नका, राऊटर बंद होऊन चालू झाला की आयपी बदलू शकतो, नावं ठेवा अन् ती प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाईलमध्ये (कोणतं नाव कोणत्या आयपीचं याची यादी) टाका, आयपी बदलला तं तेवढी यादीच बदलायची. एका पीसीची डिस्क क्लोन करून दुसरा बनवला असंल तं ग्लस्टरडी डॉट इन्फो फाईलमधला यूयूआयडी, म्हणजे पीसीचा ओळख नंबर, दोन्हीकडं सारखाच राहतो, मग प्रोब काही केल्या होत नाही.

ब्रिक, म्हणजे प्रत्येक पीसीवरचं ग्लस्टर डेटा ठेवतो ते फोल्डर, वेगळ्या डिस्कवर ठेवा अन् माऊंट पॉइंटच्या (ती डिस्क जिथं जोडलेली दिसते त्या फोल्डरच्या) आत अजून एक फोल्डर करून त्यालाच ब्रिक बनवा. डिस्क माऊंट नाही झाली तं ते फोल्डर सापडत नाही, ब्रिक सुरूच होत नाही, नाहीतर सगळा डेटा गुपचूप रूट पार्टिशनमध्ये (सिस्टीमच्या डिस्कवर) भरत बसतो. ब्रिकमध्ये डायरेक्ट फाईल टाकायचा मोह तं बिलकुल नको, कॉपी नेहमी माऊंट केलेल्या वॉल्युममधूनच.

फायरवॉल अख्खी बंद करणारे लय आहेत, गरज नाही, २४००७ अन् ब्रिकसाठी ४९१५२ ते ६०९९९ एवढे पोर्ट उघडले की झालं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय माऊंट करायचं ती फाईल) नेटडेव्हचा, म्हणजे 'आधी नेटवर्क येऊ दे' सांगणारा, ऑप्शन विसरलात तं वॉल्युम नेटवर्क यायच्या आधीच माऊंट होऊ पाहू शकतो अन् बूट अडकू शकते. हे मला सकाळी सात वाजता फोनवर कळलं, गेटवर गाड्यांची लाईन लागलेली असताना.