ड्रिलिंगच्या आकड्यांवरून सोन्याचा झटपट अंदाज

सुरुवातीच्या टप्प्यात मोजकीच बोअर झालेली असतात आणि ‘20 मीटरला 3 ग्रॅम प्रति टन’ (म्हणजे 20 मीटर लांबीत दर टन खडकात सरासरी 3 ग्रॅम सोनं) असा आकडा भुरळ घालतो. आधी तो फोडा.

1. 20 × 3 = 60. त्यात एकच मीटर 50 ग्रॅमचा असेल, तर उरलेल्या 19 मीटरची सरासरी जेमतेम 0.53. हिशेबाला हीच धरा.

2. शिरेची (खडकातल्या सोनं असलेल्या पट्ट्याची) लांबी × खोली × खरी जाडी (शिरेला काटकोनात मोजलेली) × घनता (क्वार्ट्झ म्हणजे गारेच्या शिरेला साधारण 2.7 टन प्रति घनमीटर) = टन. टन × ग्रेड (दर टनातलं सोनं, ग्रॅममध्ये) = ग्रॅम; 31.1 ने भागल्यावर औंस.

400 × 150 × 5 मीटर, 2 ग्रॅम: 8,10,000 टन, सुमारे 52,000 औंस.

सावधान: बोअर शिरेला 30 अंशांत छेदत असेल, तर 10 मीटर गाभ्याची (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दांड्याची) खरी जाडी 5 मीटरच. इथेच अंदाज दुप्पट फुगतो.