पहिली होडी स्वतःच्या हाताने: प्लायच्या शिवणीपासून मांडवीच्या पाण्यापर्यंत

पहिली होडी बांधायची तर ती उघडी, दोन माणसांची, 14 फुटांच्या आतली कॅनू असावी. कयाक दिसायला देखणी असते हे खरं. पण वरून झाकलेल्या कयाकमध्ये मार्चच्या उन्हात पाय उकडून निघतात, आणि डेक बसवण्यात नवख्याचे कितीतरी दिवस जातात. उघड्या होडीत चढणं सोपं, पालथी झाली तर बाहेर पडणं सोपं, आणि आतली प्रत्येक शिवण डोळ्यांसमोर राहते. कयाक दुसऱ्या वर्षी करा.

मी गोव्यातल्या मांडवीकाठच्या नार्वे गावचा सुतार. दारं-खिडक्या, चवथीच्या माटोळीच्या चौकटी हे रोजचं काम. थंडीत मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, होड्या होतात आणि शिकायला येणारी मुलं-मुलीही तिथेच असतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

पद्धत शिवून चिकटवण्याची. प्लायच्या फळ्या कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, आणि सांध्यात एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद, भरायची. ब्रिटनमध्ये 1963 साली मिरर नावाची होडी या रीतीने निघाली आणि हौशी लोकांनी ती घरोघरी बांधली. पण होडी शिवणं आपल्या किनाऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आमच्यासमोर दिवाडी बेटावर काथ्याने शिवून बांधलेलं कौंडिण्य जहाज फेब्रुवारी 2025 मध्ये पाण्यात उतरलं. त्याच बेटावर बांधलेली म्हादेई ही शिडाची होडी 2009 साली नौदलाकडे गेली. तिचा गाभा लाकडी पट्ट्यांचा, वरून एपॉक्सी आणि फायबरग्लास. शिवण्याची जुनी रीत आणि एपॉक्सीची नवी, दोन्ही आपल्या होडीत येतात. फरक एवढाच की आपली तार तात्पुरती असते.

नकाशा तयार आणि आधी कुणीतरी बांधून पाहिलेला घ्या. त्यात एक इंचही बदलू नका. थोडी रुंद केली तर जास्त स्थिर होईल असं प्रत्येकाला वाटतं, पण एक फळी बदलली की शेजारच्या दोन्ही फळ्यांची वळणं जुळत नाहीत.

प्लाय आयएस 710, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या शिक्क्याचाच हवा. बाजूंना 4 मिमी, तळाला 6 मिमी. शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका: हातभर तुकडा मागून घ्या, दिवसभर पाण्यात उकळा, वाळवा, परत उकळा. थर सुटले तर ती शीट कपाटाला वापरा. कापलेली कड नीट बघा; मधल्या थरात पोकळी असेल तर फळी वाकवताना नेमकी तिथेच मोडते. 4 मिमीची 8 बाय 4 ची शीट 8-9 किलोची असते, म्हणून पुरी होडी 25-30 किलोंत बसते आणि दोघांना उचलून नेता येते.

गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे पुष्कळ, त्यामुळे दुकानदार सवयीने पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांचा थर) पुढे करतो. दोन्ही नको. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, ओल आली की पापुद्र्यासारखं सुटतं. मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही. एपॉक्सी आणि काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड मागा, आणि त्याच कापडाची 3 इंची पट्टी.

कामाला दसऱ्यानंतर हात घाला. पावसाळी दमट हवेत एपॉक्सीवर तेलकट, चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने पुसून न काढता दुसरा हात दिला तर तो हात पुढे सुटतो. थंडीतही एपॉक्सी वजनकाट्यावर मोजूनच मिसळा, आणि डब्यावर प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं ते आधी वाचा. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर सुकत नाही, कायमची मऊ राहते. एका वेळी वाटीभरच मिसळा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ठेवलेली एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागते. हातमोजे प्रत्येक वेळी घाला. अंगावर पडली तर साबणाने धुवा. थिनरने पुसू नका, त्याने ती कातडीत जास्त मुरते आणि एकदा ॲलर्जी बसली की जन्मभर जात नाही.

फळ्या आखताना नकाशातले बिंदू प्लायवर घ्या, प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोका आणि गाठी नसलेली लवचीक लाकडी पट्टी त्यांना टेकवून वाकवा. मग जमिनीशी डोळा लावून लांबून बघा. पट्टी जिथे कुबड काढते तिथला बिंदू चुकलाय. आकड्यापेक्षा पट्टीचं ऐका. रेघेबाहेर 1 मिमी सोडून कापा, डाव्या-उजव्या फळ्या एकावर एक आवळून रंध्याने एकदमच रेघेवर आणा. शीट 8 फुटांची आणि होडी 14 ची, तेव्हा लांबीत सांधा लागणारच. उतरता सांधा जाडीच्या आठपट लांब घ्यायचा: 4 मिमीला 32 मिमी, 6 मिमीला 48.

आता शिवण. कडेपासून 10-12 मिमी आत, साधारण 5 इंचांवर 2 मिमीची भोकं. तळापासून सुरुवात करा, तार बाहेरून पिळा, आणि पहिल्या फेरीत सगळे टाके सैल ठेवा. नवखा माणूस पहिलाच टाका करकचून आवळतो आणि पुढची फळी जागेवर येत नाही. सगळ्या फळ्या जुळल्या, मधल्या तात्पुरत्या चौकटी बसल्या, मग मधून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, एकेक टाका थोडाथोडा आवळत जा.

इथे थांबा. नाळेजवळ एक आणि मागच्या टोकाजवळ एक, अशा दोन सरळ पट्ट्या होडीवर आडव्या ठेवा. मागे चार पावलं जाऊन, गुडघ्यांवर बसून, एका पट्टीची कड दुसरीच्या कडेशी नजरेने जुळवा. समांतर दिसल्या नाहीत तर होडी पिळलेली आहे. तिरकस कोपऱ्यांतून दोरी ओढून, होडी ठेवलेल्या लाकडी घोड्याखाली पाचर घालून पीळ काढा आणि परत बघा. शिकायला आलेल्यांपैकी प्रत्येकाला मी स्वतंत्र बघायला लावतो, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत एपॉक्सीचा डबा उघडत नाही. एपॉक्सी धरली की तो पीळ कायमचा, आणि अशी होडी मरेपर्यंत एका बाजूला ओढते.

टाक्यांच्या मधल्या जागांत आधी थेंबथेंब जोड द्या. ते धरले की तारा काढा. अडकलेली तार सोल्डरिंगच्या कांबीने गरम केली की सुटते. मग एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा घालत जा, ती चक्क्याच्या श्रीखंडाइतकी घट्ट होईपर्यंत. सांध्यात भरून चमच्याच्या पाठीने एका ओढीत गोलवा द्या, आणि तो ओला असतानाच त्यावर कापडी पट्टी बसवून भिजवा. होडीची ताकद या गोलव्यात आणि पट्टीत आहे. बाहेरून तळाला पूर्ण कापड घाला, कारण आपल्या काठांवर कालवं चिकटलेले दगड आहेत आणि त्यांची धार प्लाय कापते.

लाकडाला एपॉक्सीचा पहिला हात दुपारी तीन-चारनंतर द्या. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि बुडबुड्यांनी पृष्ठभाग भरतो; दिवस उतरताना लाकूड एपॉक्सी आत ओढतं. रात्रीचं दंव पडू नये म्हणून मांगर बंद ठेवा. तीन हात झाले की रंग लावायलाच हवा, उन्हात उघडी एपॉक्सी पिवळी पडून भुगा होते. नाळेत आणि मागे बंद कप्पे करा, म्हणजे पाणी भरलं तरी होडी तरंगते.

वल्हं शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचं करा. हलकं असतं आणि वाळल्यावर वाकडं होत नाही. कॅनूचं वल्हं उभं धरल्यावर हनुवटीपर्यंत यावं.

पाण्यात उतरायचं ते लाइफ जॅकेट घालून, पोहता येत असलं तरी. पायांत जुने बूट, त्याच कालवांसाठी. पहिला धडा म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम पालथी करणं, ती परत सुलटी करणं, पाणी उपसणं, आणि एकाने पलीकडून तोल धरला असताना दुसऱ्याने चढणं. हा धडा भरतीला घ्या. ओहोटीला काठच्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो. फार घाबरणारं कुणी असेल तर दोन होड्यांवर आडवे बांबू बांधून सांगोड करा. कुंभारजुव्याला गणपती मिरवतात ती हीच युक्ती, जोडहोडी उलटणं फार कठीण.

होडीत चढताना दोन्ही हात दोन्ही काठांवर, पाय मधोमध, अंग खाली. वल्हवताना पातं पायांच्या जवळ बुडवा आणि कंबरेशी बाहेर काढा. त्यापुढे ओढलं की होडी फक्त वळते. जोर दंडाचा नको, कंबरेतून धड फिरवायचं. ज्याचे दंड दुखतात तो हातांनीच ओढतोय.

मांडवीत वल्ह्यापेक्षा तिथी जास्त कामाला येते. उधाणाला पाणी दोनेक मीटर चढ-उतार करतं, आणि भरती असो की ओहोटी, मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यांत जास्त असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. नक्की वेळ मुरगाव बंदराच्या कोष्टकात बघा, आणि तिथली भरती नदीत वर पोचायला उशीर लागतो हे धरा. आपल्या धक्क्याला खुणा केलेली काठी रोवून चार दिवस बघितलं की तो उशीर कळतो. शिकायला दशमी ते द्वादशी हे दिवस मला सगळ्यांत पसंत आहेत. भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्याने ओढ कमी, आणि भरती सकाळी पुरी होते. भरतीच्या शेवटच्या तासात पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जा, पाणी थबकलं की काठाला थोडं थांबा, आणि ओहोटीबरोबर घरी या. दुपारच्या आत परता. नंतर समुद्रावरचा वारा ओहोटीच्या तोंडावर येतो आणि लाटा उभ्या राहतात.

बार्ज आणि फेरीबोट यांना तुमच्यासाठी थांबता येत नाही. काठाने चला, आणि त्यांची लाट आली की नाळ तिच्याकडे करा. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतांच्या) बांधांवरच्या मानशींपासून, म्हणजे पाण्याच्या दारांपासून, लांब राहा. दारातून पाणी आत-बाहेर ओढलं जात असताना होडी दाराला चिकटते आणि सुटत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, ओहोटीला त्या चिखलावर ऊन खात पडतात. शिकाऊ माणसाने तिथे जाऊ नये, आणि जाणत्यानेही पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाऊ नये.

होडी पाण्यात बांधून ठेवू नका. खाडीच्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात आणि रंगाला ओरखडा गेला की ते तिथून शिरतात. घरी आणून गोड्या पाण्याने धुवा, घोड्यांवर पालथी घाला. जूनपासून पाऊस थांबेपर्यंत ती मांगरातच राहू दे. बाहेर काढण्याआधी बोटाच्या पेराने सगळे सांधे ठोकत जा. आवाज भद्द आला किंवा रंगाखाली काळा डाग दिसला तर तिथे ओल आहे. पॉलिश पेपरने कोऱ्या लाकडापर्यंत घासा, आठवडाभर वाऱ्यावर सुकू द्या, मग एपॉक्सी आणि पट्टी, आणि शेवटी रंग.