इतिहास-भूगोलाचं साहित्य वर्गात नेण्याआधी या चुका टाळा

सहावी ते आठवीची मुलं आपण बोललेलं विसरतात, पण भिंतीवर पाहिलेलं पक्कं धरून ठेवतात. म्हणून तक्त्यातली चूक तोंडच्या चुकीपेक्षा महागात पडते.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती झेरॉक्स. पुणे जिल्ह्याचा नकाशा मी ए-फोरवरून ए-थ्री करून गटांना वाटला होता. कोपऱ्यात छापलेलं होतं, १ सेमी = १० किमी. एका मुलाने पुणे ते जुन्नर पट्टी लावली. साडेदहा सेंटिमीटर भरलं, म्हणून त्याने वहीत लिहिलं १०५ किमी. शेजारच्या मुलीचं आजोळ जुन्नरचं. ती म्हणाली, "बाई, एसटीने तर शंभरच्या आतच येतं. सरळ रेषा रस्त्यापेक्षा लांब कशी?"

तिचं अगदी बरोबर होतं. ए-थ्री करताना नकाशा सुमारे १.४ पट वाढतो आणि छापलेलं प्रमाण मात्र तेच राहतं. सरळ रेषेतलं खरं अंतर ७५ किमीच्या आसपास आहे. तेव्हापासून मी रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेली छापील पट्टी, असलेलाच नकाशा मोठा करते, कारण ती पट्टी नकाशाबरोबरच वाढते. शब्दप्रमाण (१ सेमी = १० किमी असं लिहिलेलं) आणि अंकप्रमाण (१:१०,००,००० असं लिहिलेलं) यांवर पांढरा कागद चिकटवते. रस्त्याचं अंतर हवं असेल तर रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवायचा आणि मग तो रेषाप्रमाणावर ताणून मोजायचा. प्रोजेक्टरवर दाखवलेल्या नकाशालाही हेच लागू.

कालरेषेतही अशीच फसगत होते. १६३०, १६७४, १७६१, १८१८, १८५७, १९४७, १९६० अशा चौकटी आपण सारख्या अंतरावर काढतो, कारण तक्ता देखणा दिसतो. मग पानिपत ते पेशवाईची अखेर ही ५७ वर्षं आणि स्वातंत्र्य ते महाराष्ट्राची स्थापना ही १३ वर्षं मुलांना सारखीच वाटतात. त्याऐवजी सुतळी बांधा, एका वर्षाला एक सेंटिमीटर. १६३० ते १९६० म्हणजे ३ मीटर ३० सेंटिमीटर, बहुतेक वर्गांच्या भिंतीवर आरामात बसते. चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावा आणि जागा मुलांनाच मोजू द्या. मध्ये मोकळी सुतळी दिसली की कुणीतरी विचारतंच, "इथे काहीच घडलं नाही का?" त्या प्रश्नासाठी तास थांबवावा, असं मला मनापासून वाटतं.

फोटोखाली वर्ष न लिहिणं ही पुण्यात हमखास होणारी चूक. लाल महालाचा फोटो लावला की मुलं समजतात, शिवराय याच भिंतींत वाढले. आजची वास्तू महानगरपालिकेने बांधलेली, १९८८ मध्ये पूर्ण झालेली. शनिवारवाड्याचंही तसंच. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचा लाकडी भाग १८२८ च्या आगीत गेला, म्हणून आत आज मुख्यतः जोती दिसतात. हे सांगितलं नाही तर सहलीत मुलं विचारणारच, "बाई, वाडा कुठाय?"

कपाटातला जुना राजकीय नकाशा टाकून देऊ नका. त्यात तेलंगणा नसेल, लडाख वेगळा नसेल, पालघर ठाण्यातच असेल. नव्यासोबत शेजारी लावा आणि फरक मुलांना शोधू द्या. राज्यं २८, केंद्रशासित प्रदेश ८, महाराष्ट्रात जिल्हे ३६, हे मग पाठ करावं लागत नाही.

नागरिकशास्त्राला ग्रामपंचायतीचा तक्ता हवाच, पण पेठेतल्या किंवा कोथरूडच्या मुलाला आधी महानगरपालिका भेटते. घरच्या मिळकतकराच्या बिलाची प्रत द्या. त्यावर वृक्षकर दिसला की चर्चा आपोआप सुरू होते. फक्त झेरॉक्स काढण्यापूर्वी नाव, पत्ता आणि मिळकत क्रमांक नीट झाका.